सशाच्या अंगावरची जट

आमच्या घरीं तीन वर्षांपूर्वीं एक ससा आला. चिंचवड गांवांतील आमचा जुना वाडा पडून त्या जागीं इमारत उभी राहिली, तरी बिऱ्हाड एकच राहिलें आहे : नव्वदीच्या घरांतल्या मातोश्री, आम्ही उभयतां, दोन चिरंजीव, दोन सुना व तीन नातवंडें. थोरला चिरंजीव चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें कामास जातो. एका संध्याकाळीं परततांना, रस्त्याच्या कडेला पिंजरे मांडून बसलेल्या एका विक्रेत्याकडून त्यानें एक पांढरेंशुभ्र पिलूं धाकट्या मुलीसाठीं विकत आणलें. विक्रेत्यानें सांगितलें, "गाजर द्या, आठवड्याला आंघोळ घाला, बाकी कांहीं लागत नाहीं." या तीन गोष्टींपैकीं एकही खरी नव्हती, हें कळावयास आम्हांस वर्ष लागलें, आणि त्या अज्ञानाची किंमत त्या मुक्या जनावरानें मोजली.

नातीनें त्याचें नांव शशांक ठेविलें. माझें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलेलें. 'शश आहे अंक, म्हणजे खूण, ज्याची तो शशांक. अर्थात् चंद्र, ससा नव्हे', असा बहुव्रीहि समास मीं तिला सोडवून दाखविला. त्यावर "आजोबा, याच्या अंगावर चांदणंच पडल्यासारखं दिसतं, मग हा चंद्रच की !" असें उत्तर मिळालें व नांव कायम झालें. ज्या केसांच्या चांदण्यावर घर असें भुललें, त्या केसांनींच पुढें आमची परीक्षा पाहिली. ती हकीकत सांगितल्यानें दुसऱ्या कोणाच्या घरचा ससा त्याच हालांतून वांचला, तर लिहिण्याचे श्रम सार्थकीं लागतील.

दिवाळींतलें अभ्यंगस्नान

त्या वर्षीं नरकचतुर्दशीच्या पहांटे घरांतल्या सर्वांचीं अभ्यंगस्नानें झालीं, तेव्हां शशांकानेंच काय पाप केलें आहे, असें नातीस वाटलें. तिनें त्याला कोमट पाण्यांत बसवून उटणें लावलें आणि चांगली आंघोळ घातली. घरांतल्या कोणीं तिला मना केलें नाहीं. मींही केलें नाहीं. उलट आम्ही सारे कौतुकानें पाहत उभे होतों. ससा मात्र प्रथम धडपडला, आणि मग एकाएकीं निपचित पडला. तो शांत झाला असें आम्ही समजलों. वस्तुतः तो भयानें ताठरला होता. त्याचे कान गार पडले, अंग थरथरूं लागलें आणि त्या दिवशीं त्यानें गवताची काडीही तोंडांत धरली नाहीं. रात्रभर सून त्याला कोरड्या पंच्यांत गुंडाळून मांडीवर घेऊन बसली, म्हणून तो सकाळ पाहूं शकला.

सशाच्या अंगावरची आंतली लव इतकी दाट असते कीं, ती एकदां भिजली म्हणजे तासन् तास वाळत नाहीं, आणि तेवढ्या वेळांत त्याच्या अंगांतील ऊब निघून जाते. शिवाय ओल्या लोकरीस चोळलें कीं तिचा नमदा होतो, हें घोंगडी विणणारास कोणी सांगावयास नको. दिवाळी सरून पंधरवडा झाला, तों शशांकाच्या काखेंत, हनुवटीखालीं आणि शेपटीभोंवतीं घट्ट गांठी वळल्या होत्या.

दुसरा अपराध माझ्या स्वतःच्या हातून घडला. केसांचा गुंता तो केवढा, असें म्हणून मीं चष्मा लावला, शिवणाच्या डब्यांतली कातर घेतली आणि हनुवटीखालची जट कापावयास बसलों. सशाची कातडी फार पातळ व सैल असते. जट वर ओढली कीं तिच्याबरोबर खालची कातडीही तंबूसारखी वर उठते आणि पात्यांच्या मध्यें सांपडते. कोठें केस संपतात आणि कोठें कातडी सुरू होते, हें डोळ्यांना दिसत नाहीं. मला जट कापल्याचा भास झाला; पाहतों तों दोन बोटें रुंद जखम उघडी पडलेली. ससा ओरडला नाहीं. पकडला जाणारा प्राणी सहसा ओरडत नाहीं. तो गोठून जातो, इतकेंच. नात मात्र ओरडली, आणि तिची ती हांक मी अजून विसरलों नाहीं.

जखमेस टांके घालण्यासाठीं निगडीकडील एका पशुवैद्यांकडे जावें लागलें. निघतांना मातोश्री आपल्या पलंगावरून म्हणाल्या, "त्या डॉक्टरला त्याचं तोंड पण बघायला सांग रे. चार दिवस बघतेय, हा माझ्यासारखा नुसता चघळतो. गवत तोंडांत धरतो आणि टाकून देतो. हनुवटी सदा ओली असते त्याची." मातोश्रींच्या तोंडांत आतां एकही दांत नाहीं. ज्याचे दांत गेले, त्यालाच दुसऱ्याच्या दांताचें दुःख दिसलें.

वैद्यांनीं टांके घातले, मग तोंडांत प्रकाश टाकून पाहिलें, आणि ते म्हणाले, "मास्तर, गुंता केसांत दिसतो, पण तो दाढांत आहे." खालच्या दाढांच्या आंतल्या कडा वाढून सुईसारख्या टोंकदार झाल्या होत्या व जिभेस टोंचत होत्या. जिभेस जखम असलेला ससा अंग कसें चाटणार ? आणि जो अंग चाटीत नाहीं, त्याचे केस गुंतल्यावांचून कसे राहणार ? तोंडांतून लाळ गळे, तिनें हनुवटीखालचे केस भिजत, आणि भिजलेल्या केसांची जट होई. आम्ही मात्र कंगवा आणि कातर घेऊन केसांच्या मागें लागलों होतों. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, म्हणतात तें हेंच.

हें जनावर आपल्या ओळखीचें नव्हे

आपल्याकडे गाय, म्हैस, कुत्रा, मांजर यांच्याविषयीं चार गोष्टी प्रत्येक घरांत ठाऊक असतात. सशाविषयीं नसतात, याचें कारण आहे. पंचतंत्रांत सिंहाला विहिरींत उडी घ्यावयास लावणारा शश हा आपल्या माळरानांतला रानससा होय. पाळीव ससा त्याचा दूरचा भाऊबंद; तो मूळचा युरोपाच्या नैर्ऋत्येस असलेल्या स्पेन व पोर्तुगाल या प्रदेशांतला. रानससा उघड्यावर गवतांत बसतो व त्याचीं पिलें जन्मतांच केसाळ आणि डोळे उघडलेलीं असतात; हा परका ससा बीळ खणून राहतो व त्याचीं पिलें उघडीं आणि आंधळीं जन्मतात. आपला रानससा पकडून पाळणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, हेंही या ओघांत सांगून ठेवतों. चाकणच्या पलीकडील माळावर एखादें पिलूं एकटें दिसलें, तर त्याला घरीं आणूं नये. त्याची आई दिवसा मुद्दाम दूर राहते व अंधारीं येऊन पाजते.

लांब केसांच्या सशांत बहुधा अंगोरा जातीचें रक्त असतें. हें नांव तुर्कस्तानांतील अंकारा शहराच्या जुन्या नांवावरून पडलें. हा ससा लोकरीसाठीं पाळतात. हिमाचल प्रदेशांत कुलू खोऱ्यांत गडसा येथें केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचें केंद्र असून तेथें या सशांवर काम होत आलें आहे. तेथली हवा थंड, आणि दर अडीच-तीन महिन्यांनीं लोकर उतरविली जाते. तीच लोकर अंगावर घेऊन येथें एप्रिल महिन्यांत, पारा ४० अंशांकडे झुकला असतां, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या सशाची काय स्थिति होत असेल, याचा विचार घेणारानें विकत घेण्यापूर्वींच करावा. मुलांच्या हट्टास्तव ससा आणावयाचाच असेल, तर आंखूड केसांचा आणावा.

रोजची फणी

ससा मांजराप्रमाणें स्वतःचें अंग स्वतः चाटून स्वच्छ ठेवितो. साधारणतः दर तीन महिन्यांनीं त्याचे जुने केस गळून नवे येतात. एखादे वेळीं गळती थोडी होते, तर एखादे वेळीं मूठ-मूठ केस निघतात. गळलेला केस खालीं न पडतां आंतल्या लवेंत अडकून राहिला, कीं त्याभोंवतीं दुसरे केस गुंततात आणि गुंत्याची हळूहळू जट होते. म्हणून आंखूड केसांच्या सशास एरव्हीं आठवड्यांतून एकदां, गळतीच्या दिवसांत रोज, आणि लांब केसांच्या सशास बारा महिने रोज फणी करावी.

फणी करतांना जमिनीवर बसावें. ओट्यावर किंवा खुर्चीवर बसून करूं नये. कारण ससा एकाएकीं उडी मारतो आणि उंचावरून पडला कीं हाड मोडतें. त्याच्या सांगाड्याचें वजन सगळ्या शरीराच्या अवघें सात-आठ टक्के असतें, पण मागच्या पायांतला जोर मात्र दांडगा. धरून ठेवलेला ससा लाथ झाडून स्वतःचाच कणा मोडूं शकतो. याकरितां मांडीवर पंचा अंथरावा, एक हात छातीखालीं व दुसरा मागच्या पायांखालीं देऊन त्याला उचलावें, आणि कान धरून तर कधींच उचलूं नये. त्याला उताणा पाडला म्हणजे तो स्वस्थ पडून राहतो, हें पाहून पुष्कळांस तो सुखावला असें वाटतें. तें सुख नव्हे. दिवाळीच्या पहांटे आम्हीं पाहिलें, तेंच तें भय होय.

आधीं बोटांनीं अंग चांचपावें. कानांमागें, हनुवटीखालीं, काखेंत, जांघेंत आणि शेपटीभोंवतीं गांठ आहे काय, तें पाहावें. मग रुंद दातांचा कंगवा केसांच्या दिशेनें फिरवावा व शेवटीं बारीक फणी. दहा मिनिटें पुरेत. ससा कंटाळला तर उरलेलें काम उद्यांवर टाकावें. एका बैठकींत सगळें उरकण्याचा आग्रह माणसाचा असतो, सशाचा नसतो.

जट आधींच वळली असेल तर पुढीलप्रमाणें वागावें. गांठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर टाकून तें बोटांनीं मुरवावें. त्यानें केस सुटे व निसरडे होतात. मग दोन बोटांच्या चिमटींत जटेचें मूळ, अगदीं कातडीपाशीं, घट्ट धरावें, म्हणजे ओढ कातडीस लागत नाहीं. दुसऱ्या हातानें टोंकाकडून सुरुवात करून थोडे थोडे केस सोडवीत मुळाकडे यावें. एकदम मुळाशीं कंगवा घालूं नये. जी जट कातडीस चिकटून ताठ झाली आहे, जिच्याखालीं ओल किंवा दुर्गंधि आहे, ती घरीं सोडवूं नये. ती पशुवैद्यांकडून यंत्रानें कापून घ्यावी. लागल्यास ते गुंगीचें औषध देतात. आणि कातर ? ती शिवणाच्या डब्यांतच शोभते.

पायांच्या तळव्यांवरचे केसही कापूं नयेत. कुत्र्यामांजराप्रमाणें सशाच्या पायाखालीं गादी नसते; ते दाट केस हीच त्याची वहाण. ते झिजले किंवा कापले, कीं टाच सोलवटते आणि चिघळते. तारेच्या जाळीच्या तळाचा पिंजरा, ओला तळ आणि गुळगुळीत फरशी हीं तिन्ही या दुखण्याचीं माहेरघरें होत. जमिनीवर जुनी सतरंजी किंवा गोणपाट अंथरलें, तर पायही राहतात आणि ससा घसरत नाहीं.

जट कां झाली, हा खरा प्रश्न

आतां मूळ मुद्द्याकडे वळतों. आपल्या पुणें जिल्ह्यांतही बायकांच्या केसांस जट झाली, तर ती देवीची खूण मानून वर्षानुवर्षें तशीच वागविण्याची रूढि होती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनीं अशा कितीएक जटा समजूत घालून कापल्या. आपण सुशिक्षित म्हणविणारे त्या रूढीस हंसतों. पण सशाच्या अंगावरची जट पाहून 'केसच असे आहेत' म्हणून स्वस्थ बसतों, तेव्हां आपणही कारणाचा शोध टाळीतच असतों. निरोगी सशास, विशेषतः आंखूड केसांच्या सशास, सहसा जट होत नाहीं. झाली, तर त्याला स्वतःचें अंग चाटतां येत नाहीं, असा त्याचा अर्थ घ्यावा आणि कारण शोधावें.

पहिलें कारण दांत. सशाचे दांत जन्मभर वाढत असतात. पुढचे पटाशीचे दांत तर आठवड्यास दोन-तीन मिलिमीटर वाढतात. ते झिजविण्याचें काम गवतांतले रेताड, चिवट तंतू करतात. गाजर, बिस्किटें व मऊ भाजी खाऊन दाढा झिजत नाहींत आणि मग शशांकासारखी स्थिति होते. हनुवटी ओली, पुढच्या पंजांच्या आंतील बाजूचे केस चिकटलेले, आणि घांस धरून टाकणें, हीं याचीं लक्षणें होत.

दुसरें कारण लठ्ठपणा. ससा रात्रीं-पहांटे एका विशेष प्रकारच्या मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशीं तोंड नेऊन खातो. हें किळसवाणें वाटलें तरी त्याच्या प्रकृतीस तें अवश्य आहे, कारण त्यांतूनच त्याला पुष्कळसें पोषण मिळतें. पोट सुटलेला ससा तेथवर वांकूं शकत नाहीं. मग त्या लेंड्या मागच्या केसांस चिकटतात आणि तेथें जट होते. म्हाताऱ्या सशाचे सांधे धरले, तर हेंच घडतें.

तिसरें कारण लघवी. चुना अधिक असलेलें खाणें, उदाहरणार्थ लसूणघास, मोठ्या सशास रोज घातलें, तर लघवी दाट व वाळूसारखी होते, मागचे पाय सदा ओले राहतात आणि केस गळून कातडी लाल पडते. वाढत्या पिलास लसूणघास चालतो. प्रौढास नेमानें देऊं नये.

चौथें कारण मादीच्या बाबतींत. ती कधीं कधीं गर्भ नसतांही असल्याच्या भ्रमांत छातीपोटावरचे केस स्वतः उपटून घरटें करूं लागते. हा रोग नव्हे. साधारण अडीच आठवड्यांत तो भ्रम जातो. मात्र पुन्हां पुन्हां होत असेल, तर शस्त्रक्रियेविषयीं वैद्यांस विचारावें.

या बहुतेक कारणांचा उतारा एकच : गवत. सशाच्या आहारांत पांचांपैकीं चार वाटे वाळलेलें गवत असावें. हरळी, मारवेल यांसारखें आपल्याकडचें गवत सावलींत वाळवून ठेविलें तर उत्तम. पण तें आणावें कोठून, याचा विचार करावा; आमच्या भागांत मोठ्या रस्त्यांच्या कडेला जें गवत उगवतें, त्यावर धूर, तेल आणि भटक्या कुत्र्यांची घाण असते. खेड्यांतल्या ओळखीच्या शेतकऱ्याकडून, फवारणी न केलेल्या बांधावरचें आणावें. गाजर म्हणजे सशाचा पेढा समजावा. पेढ्यावर कोणी जेवण करीत नाहीं.

गवताचें आणखी एक काम आहे. अंग चाटतांना केस पोटांत जातात आणि सशास ओकारी होत नाहीं. गेलेले केस पुढेंच सरकले पाहिजेत. आंतडीं चालतीं ठेवणारें गवत कमी पडलें, कीं आंतडीं मंदावतात, आणि मग पोटांतले केस व अन्न वाळून गोळा होतो. म्हणून हें पक्कें ध्यानांत धरावें : बारा तास ससा जेवला नाहीं किंवा लेंड्या पडल्या नाहींत, तर सकाळची वाट न पाहतां वैद्याकडे जावें. सशाचा एक दिवसाचा उपास माणसाच्या एकादशीसारखा नसतो.

उन्हाळा आणि पावसाळा

सशाला माणसासारखा घाम येत नाहीं. अंगांतील उष्णता तो मुख्यतः कानांवाटें सोडतो. हवा तीस अंशांच्या वर गेली कीं त्याला त्रास होऊं लागतो. लांब केसांच्या सशाचे केस फाल्गुन-चैत्रांतच यंत्रानें आंखूड करून घ्यावेत, पण बोटभर ठेवावेत. साफ तासूं नयेत. दुपारीं पाण्यानें भरून गोठविलेली बाटली फडक्यांत गुंडाळून त्याच्याजवळ ठेवावी. तो तिला टेंकून बसतो. कानांवरून ओलें बोट फिरवावें. बादलींत बुडविण्याचा मोह पुन्हां नको.

पावसाळ्यांतला धोका याहून मोठा. मागचे केस घाणीनें ओले राहिले, कीं माशी तेथें अंडीं घालते, आणि एका दिवसाच्या आंतच अळ्या होऊन त्या जिवंत कातडी खाऊं लागतात. सकाळीं बरा दिसणारा ससा दुसऱ्या दिवशीं मरणोन्मुख होतो. म्हणून ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत सकाळ-संध्याकाळ शेपटीखालीं पाहण्याचा नेम धरावा. घाण लागली असेल, तर तेवढीच जागा कोमट ओल्या फडक्यानें पुसून लगेच कोरडी करावी. अळी दिसली, तर घरगुती उपायांत घटकाभरही घालवूं नये.

लूत, गजकर्ण आणि घरची औषधपेटी

केस गळण्याचीं सर्वच कारणें गुंत्याचीं नसतात. मानेवर व पाठीवर कोंडा दिसूं लागला आणि तो कोंडा हलतो असें वाटलें, तर ते सूक्ष्म कीटक होत. नाकाचा शेंडा, कानांच्या कडा आणि पंजे यांवर राखेसारखी खपली धरली, तर ती लूत. वाटोळे, केस गेलेले व खपलीचे चट्टे दिसले, तर गजकर्णाची शंका घ्यावी; हा रोग मुलांना लागतो व मुलांकडून सशाला परत येतो, म्हणून दोघांचीही चिकित्सा बरोबर करावी. बुरशीच्या रोगांशीं आमच्या भागाचा एक जुना संबंध आहे : हॅमायसिन नांवाचें बुरशीनाशक ज्या सूक्ष्म जीवापासून निघालें, तो पिंपरीच्या मातींत सांपडला, आणि शास्त्रज्ञांनीं त्याच्या लॅटिन नांवांतही पिंपरी गोंविली.

तें संशोधन ज्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यांत झालें, तो १९५४ सालीं पिंपरीस स्थापन झाला, आणि तेथील पेनिसिलीननें असंख्य माणसें जगविलीं. परंतु माणसास अमृत तें सशास विष, असा प्रकार येथें आहे. पेनिसिलीनच्या वर्गांतील औषध, मग तें घराघरांत उरलेल्या गोळ्यांतलें अमॉक्सिसिलीन कां असेना, सशाच्या पोटांत तोंडावाटें गेलें, तर त्याच्या आंतड्यांतील उपकारक जंतू मरतात, घातक जंतू माजतात, आणि ससा दगावतो. माझी जखमेची धास्ती इतकी होती कीं, त्या रात्रीं मीं धाकट्या चिरंजिवाची उरलेली गोळी पाण्यांत विरघळविण्यासाठीं हातांतही घेतली होती. सुनेनें आधीं वैद्यांस विचारलें, म्हणून अनर्थ टळला. तसेंच कुत्र्यांच्या गोचिडांसाठीं मानेवर सोडण्याचें जें औषध मिळतें, त्यांत फिप्रोनिल असेल तर तें सशास कदापि लावूं नये. त्यानें ससे मेले आहेत. सशासाठीं निराळीं औषधें आहेत व त्यांचें प्रमाण वजनावर ठरतें. जवळच्या वैद्यांस सशांचा सराव नसेल, तर त्यांनाच विचारून सराव असलेल्यांकडे जावें. शिरवळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मुंबईस परळला जनावरांचें जुनें इस्पितळ आहे.

बारभाईंचा कारभार

एकत्र कुटुंबांत जनावर सर्वांचें असतें, आणि म्हणूनच त्याची निगा कोणाचीच नसते. आमच्या घरीं प्रत्येकास वाटे कीं ससा दुसऱ्या कोणीं तरी पाहिला असेल. दहा माणसांच्या घरांत तो उपाशी चघळत बसला आणि नऊ जणांना तें दिसलें नाहीं, याची लाज मला कातरीच्या जखमेहून अधिक वाटते. दिसलें तें जिला जागचें हलतां येत नाहीं त्या मातोश्रींना. कारण दिवसभर पाहत बसण्यास त्यांनाच वेळ होता.

तेव्हांपासून स्वयंपाकघराच्या दारामागें एक वही टांगली आहे. रविवारीं ससा ताटांत बसवून किराण्याच्या काट्यावर त्याचें वजन करितों व तें लिहितों. शंभर-दीडशें ग्रॅमची घट दिसली, कीं दांत तपासावयाचे. फणी नातीची, गवत धाकट्या चिरंजिवाचें, शेपटीखालचें निरीक्षण माझें. प्रायश्चित्त म्हणून मींच तें मागून घेतलें आहे. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षें जगतो. आज आठ वर्षांची नात तोंवर कॉलेजांत जाईल. तेव्हां फणी कोणाच्या हातीं येणार, हें ससा घेण्यापूर्वींच वडील माणसांनीं स्वतःस विचारून घ्यावें.

शशांकाच्या दाढा आतां दर दोन-तीन महिन्यांनीं घासून घ्याव्या लागतात. दुखणें मुळापासून गेलेलें नाहीं, पण अंगावर जट नाहीं. हनुवटीखालीं टांक्यांच्या जागीं केस थोडे विरळ आले आहेत. नात फणी तेथून हलक्या हातानें नेते. संध्याकाळीं ती आपल्या पणजीच्या पलंगाखालीं सतरंजीवर बसून त्याला फणी करते, आणि वरून मातोश्री रोज एकच प्रश्न विचारतात, "आज चावून खाल्लं का गं त्यानं ?"